दोन दिवसांची मुंबई आणि खानदेशचा कापूस

मुंबई पाहिली नाही असा माणूस आज आपल्या असोद्यात शोधूनच काढावा लागेल. कोणी इस्पितळाच्या कामाने गेलेला असतो, कोणी नोकरीच्या मुलाखतीला, तर कोणी हजला निघालेल्या वडीलधाऱ्यांना पोचवायला. काम आटोपले की हाती एखादा दिवस उरतो, फार तर दोन. मग मुंबई पाहण्याचा कार्यक्रम होतो. गेटवेपुढे फोटो, चौपाटीवर भेळ, एखाद्या सिनेनटाच्या बंगल्याचे बंद फाटक, आणि परतीची गाडी. घरी आल्यावर मुलाला विचारावे, "काय पाहिलेस?" तर उत्तर येते, "फार गर्दी होती."

मुलाचा यात दोष नाही. त्याला दाखवणाऱ्यानेच काही सांगितलेले नसते. सहलीला शे-दोनशे मुले नेणारे आम्ही शिक्षकही बहुधा डोकी मोजण्यातच गुंतलेलो असतो. म्हणून पालकांनी व विद्यार्थ्यांनी हाताशी ठेवावी अशी थोडी माहिती येथे देत आहे. मुंबईतील कोणत्याही जुन्या इमारतीपुढे उभे राहिल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: ही उभी करायला पैसा कोठून आला? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले, तर वाट पुष्कळदा आपल्याच काळ्या मातीत येऊन पोचते.

मुंबईचा आरंभ सर्वांना पाठ असतो, तो थोडक्यात सांगून पुढे जाऊ. सात लहान बेटे होती. ती गुजरातच्या सुलतानांकडे होती. १५३४ साली बहादूरशहाने वसईबरोबर ती पोर्तुगीजांना दिली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. बंदर उत्तम होते, पण मागे देश नव्हता. सह्याद्री आडवा होता. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांनी धुळे-नाशिकवरून थळ घाट उतरत असे. वाटेत धुळीने माखे, पावसात भिजे, आणि मुंबईला पोचेपर्यंत त्याची किंमत निम्मी होई.

हे चित्र रेल्वेने पालटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, एवढे आपण शाळेत शिकतो. पण ती गाडी ठाण्याच्या लोकांची सोय व्हावी म्हणून सुरू झाली नव्हती. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानच्या आतील मुलखातला कापूस बंदरावर स्वस्तात हवा होता, आणि ठाणे ही त्या वाटेची पहिली पायरी होती. १८६५ मध्ये थळ घाट पार झाला. तापीच्या खोऱ्यातील कापूस आणि मुंबईची गोदी यांच्यामध्ये आता एकच लोहमार्ग उरला.

नेमक्या त्याच वर्षांत तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेना. हिंदी कापसाचे भाव आकाशाला भिडले. आपल्याकडे कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटच्या बियाण्याचा आग्रह धरला तो याच सुमारास. जळगाव त्या चार वर्षांत कापसाची मोठी पेठ बनले. तत्पूर्वी ते एक बेताचे गाव होते. नागपूरकडे तर शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या अशा गोष्टी सांगितल्या जात. गोष्ट खरी असो वा नसो, लोकांना ती खरी वाटण्याइतका पैसा खेळत होता.

मुंबईत तर या पैशाने वेड लावले. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या. बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव आला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपल्याची बातमी आली, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी सारा डोलारा कोसळला. कालचे धनाढ्य आज दिवाळखोर झाले. जळगावच्या पेठेलाही जबर धक्का बसला, सावरायला पुढे बराच काळ लागला. खेड्यातील शेतकऱ्याच्या वाट्याला पडलेला भाव आणि सावकाराचे देणे आले. दहा वर्षांनी, १८७५ साली, पुणे व नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागच्या कारणांत ही घसरणही होती.

हे सगळे मनात ठेवून आता गाडीतून उतरू या.

जळगावहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर असतो. आमच्या पिढीच्या तोंडी अजून 'व्ही.टी.' किंवा 'बोरीबंदर' हेच नाव येते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७८ मध्ये कामाला आरंभ झाला. राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली त्या १८८७ साली स्टेशनला तिचे नाव मिळाले. १९९६ मध्ये ते बदलले. २००४ पासून ही वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. घाईने टॅक्सी शोधू नका. रस्ता ओलांडून समोर उभे राहा आणि मागे वळून पाहा. दगडातली पाने, पक्षी, माकडे यांचे काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. दर्शनी भिंतीवर रेल्वेशी संबंधित माणसांचे मुखवटे कोरले आहेत. त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत.

या शंकरशेटांच्या जोडीला एक नाव घेतले पाहिजे, ज्याचा मुखवटा कोठेही नाही. १८४० साली मुंबई सरकारने शिक्षणासाठी पहिले बोर्ड नेमले. त्यावर शंकरशेट आणि फ्रामजी कावसजी यांच्याबरोबर महंमद इब्राहिम मकबा हे कोकणी मुसलमान गृहस्थही सभासद होते. हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण त्यांनी १८२३ मध्येच लिहिले होते. मुसलमान समाज इंग्रजी राजवटीत शिक्षणापासून दूरच राहिला, असे सरसकट म्हटले जाते. पुष्कळ अंशी ते खरे आहे, पण सर्वस्वी नाही.

स्टेशनच्या समोरच्या अंगाला, दादाभाई नौरोजी मार्गावर, घुमट आणि कमानी असलेली एक देखणी इमारत आहे. तिच्यावरून रोज लाखो माणसे नजर न टाकता जातात. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. संस्थेची स्थापना १८७४ ची. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन, जहाजांचे मालक नाखुदा महंमद अली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद हे तिचे आधारस्तंभ. १८८० मध्ये शाळा सुरू झाली आणि १८९३ मध्ये ती या वास्तूत आली. पहिली सहा वर्षे नुसती खटपटीत गेली, हे लक्षात घ्यावे. आपल्यासारख्या लहान संस्थांना एका वर्षात इमारत हवी असते!

बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) यांच्याविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. कोवळ्या वयात ते विलायतेला गेले. १८६७ साली मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १८९५ मध्ये न्यायमूर्ती झाले. समाजात नावे ठेवली जात असतानाही त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले. आपल्या गावातही मुलीचे नाव सातवी-आठवीनंतर काढून घेणारे घर अजून सापडते. अशा घरातल्या वडिलांना ही इमारत आवर्जून दाखवावी.

येथून चालत क्रॉफर्ड मार्केटला जावे. १८६९ मध्ये ते बांधून झाले. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव त्याला होते. आता ती महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. दारावर शेतकऱ्यांची उठावाची शिल्पे आहेत. ती लॉकवुड किपलिंग यांची. फळांचा मोठा घाऊक बाजार १९९६ मध्ये नव्या मुंबईत हलला, तेव्हा रावेर-यावलच्या केळीच्या गाड्या येथे शोधू नयेत.

मंडईपासून शेख मेमन रस्त्याने आत गेले की जुम्मा मशीद लागते. १७७५ मध्ये तिच्या कामास आरंभ झाला आणि १८०२ मध्ये ते पुरे झाले. येथे एक मोठी विहीर-तळे होते. ते बुजवण्याऐवजी पाण्यातूनच दगडी कमानी उभारून वर मशीद बांधली. आजही खालच्या अंगणात ते पाणी आहे, पायऱ्या आहेत आणि पाण्यात मासे फिरताना दिसतात. वर बाजाराचा कोलाहल आणि खाली हे शांत पाणी, असे दृश्य मुंबईत दुसरीकडे मी पाहिलेले नाही. गैरमुस्लिम पाहुण्यांनीही नमाजाची वेळ टाळून विनंती करून पाहावी.

त्याच रस्त्यावर पुढे मूळजी जेठा कापड मार्केट आहे. नाव ओळखीचे वाटले ना? जळगावच्या एम. जे. कॉलेजमध्ये शिकलेल्या किती जणांना आपल्या कॉलेजातले 'एम. जे.' म्हणजे कोण, हे सांगता येईल? मूळजी जेठा हे मुंबईचे कापसाचे आणि कापडाचे व्यापारी. त्यांच्या घराण्याने १८७० च्या दशकात जळगावात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल काढली. आपल्या भागातील कापूस आपल्या गावीच कातला जाण्याची ती सुरुवात होती. गिरणी पुढे बंद पडली, पण १९४५ मध्ये निघालेल्या महाविद्यालयावर त्या घराण्याचे नाव आहे आणि राहील. मुंबईच्या बाजारातला तो गजबजलेला बोळ आणि जळगावचा तो वर्ग यांच्यामध्ये कापसाचा एकच धागा आहे.

दुपारची भाकरी सोडायला जागा हवी. असोद्याच्या भरिताच्या वांग्यांची कीर्ती सांगायला नको, पण भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन निघालेल्या माणसाने मुंबईत हॉटेलात शिरूच नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. जेवण उरकून ओव्हल मैदानाकडे जावे. तेथे मैदानाच्या काठाने मुंबई विद्यापीठ आणि हायकोर्ट शेजारी शेजारी उभे आहेत.

विद्यापीठ १८५७ चे. त्याचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. उंची २८० फूट. तो बांधायला पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी. हे प्रेमचंद म्हणजे १८६० च्या तेजीतले कापसाचे आणि शेअर्सचे सर्वांत मोठे दलाल. त्यांच्या शब्दावर बाजार चढे आणि उतरे. ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये त्यांनी दिले, आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव ठेवायला सांगितले. १८६५ च्या कोसळण्यात त्यांचीही धूळधाण झाली. तेजीतल्या त्यांच्या संपत्तीपैकी आज आपल्याला हात लावून पाहता येईल असे काय उरले? ही अभ्यासिका आणि हे घड्याळ. त्या तेजीत ज्यांनी फक्त शेअर घेतले, त्यांची नावेही कोणाला माहीत नाहीत. या मनोऱ्याच्या दगडांत खानदेश-वऱ्हाडच्या किती शेतकऱ्यांच्या वेचणीचा वाटा असेल, त्याचा हिशोब मात्र कोणी ठेवलेला नाही.

शेजारचे हायकोर्टही १८७८ चेच. या इमारतीत लोकमान्य टिळकांवर दोनदा राजद्रोहाचा खटला चालला. १८९७ साली त्यांना जामीन मिळेना. अर्ज फेटाळले गेले. शेवटी ऑगस्टमध्ये अर्ज न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. सरकारी रोष पत्करून दिलेला तो निकाल होता. इतिहासाचा खेळ पाहा: त्या वेळी टिळकांच्या जामिनासाठी बाजू मांडणारे वकील दिनशा दावर हेच पुढे न्यायाधीश झाले, आणि १९०८ मध्ये त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. टिळकांनी तेव्हा काढलेले उद्गार आज तेथे संगमरवरी फलकावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये त्या फलकाचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छगला यांनी केले. सहलीत मुलांना एवढी एक गोष्ट नीट सांगितली, तरी भाड्याचे पैसे वसूल झाले म्हणावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेटवे ऑफ इंडिया. पंचम जॉर्ज राजा १९११ मध्ये येथे उतरला, तेव्हा ही कमान नव्हतीच. होता तो पुठ्ठ्याचा देखावा. १९१३ मध्ये पायाभरणी झाली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी उद्‌घाटन. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट. कमानीची आणि जाळीच्या कामाची धाटणी सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या मुस्लिम स्थापत्यावरून घेतली आहे. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बोटीकडे चालत गेली. राजाच्या स्वागताची कमान त्याच्या फौजेला निरोप देण्याच्या कामी आली. अवघ्या चोवीस वर्षांत!

जवळच विटेट यांचीच दुसरी मोठी इमारत आहे, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९१४ मध्ये बांधून झाले, पण महायुद्धात तेथे इस्पितळ होते म्हणून १९२२ मध्ये खुले झाले. वरचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देतो, आणि आतले लाकडी खांबांचे काम नाशिककडच्या एका जुन्या वाड्यातून आणलेले आहे. येथे किमान दोन तास द्यावेत.

कुलाब्याकडे जाताना आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी. या भागात एके काळी 'कॉटन ग्रीन' होते, म्हणजे कापसाच्या गाठी रचून ठेवण्याचे उघडे मैदान. खानदेशच्या गाठी येथे येऊन जहाजात चढत. पुढे हा बाजार शिवडीला गेला, आणि हार्बर मार्गावर 'कॉटन ग्रीन' नावाचे स्टेशन आजही आहे. मुंबईच्या स्वतःच्या गिरण्या १८५० च्या दशकात सुरू झाल्या. त्या १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडत गेल्या, आणि आता त्या जागी काचेच्या इमारती आहेत. आपल्यातल्या काही कुटुंबांचे काके-मामे त्या गिरण्यांत होते. ते परत आले ते रिकाम्या हाताने. हा इतिहास सहलीच्या पत्रकात नसतो.

आपल्या वडीलधाऱ्यांची मुंबई मात्र निराळी होती. त्यांच्यासाठी मुंबई म्हणजे हजच्या जहाजाचा धक्का. साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मुगल लाइनचे जहाज, आणि जिद्दापर्यंत आठवडाभराचा समुद्र. पोचवायला आलेली माणसे धक्क्यावर रडत, कारण परत भेट होईलच याची खात्री नसे. १९९५ नंतर जहाजाने हज बंद झाला. आता विमान आहे आणि स्टेशनजवळ हज हाउस आहे. ज्या साबू सिद्दिक घराण्याचे नाव मुसाफिरखान्यावर आहे, तेच नाव भायखळ्याच्या तंत्रशाळेवरही आहे. १९३६ पासून तेथे मुले हाताने काम करायला शिकतात. तसेच जहाजांच्या धंद्यात नाव मिळवलेल्या सर महंमद युसुफ यांनी १९१४ साली कॉलेजसाठी आठ लाख रुपये दिले. त्यातून जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ कॉलेज निघाले, पण ते १९३० मध्ये! सोळा वर्षे पैसा होता आणि कॉलेज नव्हते. देणगी मिळाली म्हणजे शिक्षण सुरू झाले असे नाही, हे आपल्या संस्थेच्या सभासदांनाही सांगायला हरकत नाही.

दुपारनंतर हाजी अली. समुद्रातील वाट भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ विचारूनच निघावे. २०१२ पासून येथे मजारीजवळ जाण्यास बायकांना मनाई करण्यात आली होती. मुंबई हायकोर्टाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी ती मनाई रद्द केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर बायका पुन्हा आत गेल्या. तेव्हा आई-बहिणींना बाहेर बसवून ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

वेळ उरला तर माहीमला जरूर जावे. मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) यांचा दर्गा तेथे आहे. डिसेंबरातील उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण हे मखदूमसाहेब मुळात विद्वान होते, माहीमचे काजी होते आणि कुरआनवर त्यांनी अरबीत भाष्य लिहिले, हे मन्नत मागायला येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. रात्री आईने पाणी मागितले, ते घेऊन येईपर्यंत आईला झोप लागली, आणि मुलगा पेला हातात धरून सकाळपर्यंत उभा राहिला. मुंबई नावाचे शहर व्हायच्या कितीतरी आधी या बेटावर एक माणूस दिव्याच्या उजेडात ग्रंथ लिहीत बसला होता. कापूस, रेल्वे, शेअरबाजार हे सर्व मागाहून आले.

परतीच्या गाडीत मुले बहुधा झोपतात. गाडी कसाऱ्याला थांबली आणि मागून जादा इंजिन जोडले गेले की त्यांना जागे करावे. त्यानंतर जो चढ आणि बोगदे लागतात, तोच १८६५ चा थळ घाट. खिडकीतून खाली दरी दिसते. रेल्वे येण्यापूर्वी याच घाटाने आपल्या पणजोबांच्या काळच्या गाड्या, बैलांच्या माना धरून, कापूस घेऊन उतरत होत्या. इगतपुरीला इंजिन सुटते. तेथे चहा चांगला मिळतो.